नाकाचे मार्क

माणसानं खिडकीशी येऊन नुसतं नाव सांगितलं, तरी त्याची कुठली नाकपुडी बंद आहे ते सुयेनला कळायचं. डावी, उजवी, का दोन्ही. सा देक गावच्या सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घशाच्या खिडकीत बसून तिला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत तिनं इतकी चोंदलेली नावं ऐकली होती, की डॉक्टर आत बोलावून नळी घालायच्या आधीच ती केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकसा बाण काढून ठेवायची. बाण चुकला असं फारसं होत नसे. डॉक्टर बदलून जात, बाण राहत.

वय चव्वेचाळीस. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा, की बाहेर धक्क्याला बोट लावून डुलकी घेणारा माणूस आपला नंबर ऐकून दचकून उठावा. नवरा होता. तो मोठ्या शहराकडे कारखान्यात लागला आणि हळूहळू तिकडचाच झाला. मूल झालं नाही. हे सगळं वाडीला तोंडपाठ असल्यामुळे तिला कुणी विचारत नसे, आणि विचारायची हिंमतही करत नसे, कारण पुढचा नंबर तिच्या हातात असायचा.

घरी ती आणि आई. आईचं नाव लुओम.

लुओमचं नाक बाणाच्या पलीकडे गेलेलं होतं. सगळा जन्म शेवंतीत गेला. इकडे कुंड्या बांबूच्या मांडवावर ठेवतात, खाली पाणी, आणि माणूस चिंचोळ्या होडीतून फिरत पाणी घालतो. तिशीत असताना एक मांडव तिच्या तोंडावर कोसळला आणि नाकाचं हाड मोडलं. ऐन हंगाम होता. शेवंती थांबत नाही, म्हणून नाक थांबलं. हाड वाकडंच जुळलं. पुढे वर्षानुवर्षांच्या फवाऱ्यांनी आणि परागांनी आत मस वाढले. आता एकाहत्तराव्या वर्षी दोन्ही नाकपुड्या म्हणजे नुसती शोभा होती.

माणूस तोंडानं श्वास घेऊन जगतो, हे खरं. पण तोंडानं जेवायचंही असतं. लुओम एक घास तोंडात घ्यायची, चार वेळा चावायची, मग तोंड उघडून हवा ओढायची. ओढताना भाताचं शीत घशात जायचं, ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. वाटीभर भाताला दीड तास. अर्ध्या तासातच ती म्हणायची, "झालं माझं." वर्षभरात एक्केचाळीस किलोवरून छत्तीसवर आली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सुयेनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, पस्तीसच्या खाली गेल्या तर मी भूल देणार नाही. मीच काय, कुणीच देणार नाही."

म्हणजे नाक उघडल्याशिवाय आई जेवणार नव्हती, आणि जेवल्याशिवाय नाक उघडता येणार नव्हतं. सुयेन रोज सकाळी आईला तांदळाच्या काट्यावर उभी करायची आणि रोज काटा थोडा अलीकडे थांबायचा.

तशात सायगावच्या मोठ्या सर्जनांचं शिबिर ठरलं. तेतच्या सणानंतर, नव्या वर्षाच्या बाराव्या दिवशी ते येणार, तीन दिवस राहणार, दहा नाकं उघडणार. दहाच. मागच्या वर्षीच्या शिबिरात ओळखीपाळखीची नाकं आधी उघडली होती, त्यावरून बराच बोभाटा झाला होता. म्हणून यंदा सर्जनांनी निरोप धाडला: कुणाची चिठ्ठी चालणार नाही, कुणाची दया चालणार नाही. डॉक्टर हुआन प्रश्नावली बसवतायत ना? तिचे मार्क चालतील.

डॉक्टर हुआन म्हणजे विभागातले तरुण डॉक्टर. शिकलेले हनोईला, नेमणूक इकडे. स्वभावानं इतके सरळ, की बायका त्यांच्याकडून तपासून घेताना त्यांनाच धीर द्यायच्या. त्यांनी परदेशातली पाच प्रश्नांची एक यादी आणली होती. नाक भरल्यासारखं वाटतं का, नाक बंद असतं का, नाकानं श्वास घ्यायला त्रास होतो का, झोपेला त्रास होतो का, व्यायाम करताना हवा कमी पडते का. प्रत्येकाला शून्य ते चार. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे असह्य. बेरीज करून पाचानं गुणायची, की नाकाला शंभरपैकी मार्क मिळाले. ही यादी दोघांनी वेगवेगळी बसून इकडच्या भाषेत आणली होती, तिसऱ्यानं ती पुन्हा इंग्रजीत नेली होती, चौथ्यानं ताडून पाहिली होती. एवढं होऊनही ती जेव्हा पहिल्यांदा खिडकीपुढच्या बाकावर आली, तेव्हा नववे काका हसून हसून खोकायला लागले.

नववे काका म्हणजे घरात नववे, म्हणून वाडीलाही नववेच. त्यांनी कागद सुयेनपुढे नाचवला. "पोरी, व्यायाम? तो पेन्शनवाल्यांचा रोग. आम्हाला कुठला?"

"काका, हसू नका, शेंबूड बाहेर येईल," सुयेन म्हणाली, आणि कागद घेऊन आत गेली. "डॉक्टर, इथे 'बोटीवर कुंड्या चढवताना' असं लिहा. वाडीतली पोरंसुद्धा मग बरोबर उत्तर देतील."

डॉक्टर हुआननी ते लिहून घेतलं. मग आणखी दोन ठिकाणी विचारलं. मग दर प्रश्नाला विचारायला लागले. असं करत करत, कुणी नेमलेलं नसताना, खिडकीतली सुयेन त्या प्रश्नावलीची सुईण झाली. शेवटी डॉक्टरांनी तिला कामच नेमून दिलं: चाळीस पेशंट बोलवायचे, त्यांच्याकडून कागद भरून घ्यायचा. बरोबर दोन आठवड्यांनी त्याच चाळिसांना पुन्हा बोलवायचं. नाक तेच, तर मार्क तेच यायला हवेत. ज्याच्या मार्कांत वीसपेक्षा जास्त फरक, त्याच्या कागदावर भरवसा नाही, तो बाद. आणि कागद पेशंटनं स्वतःच्या हातानं भरायचा. सुनेनं नाही, मुलानं नाही, खिडकीतल्या बाईनं तर मुळीच नाही.

"अडाणी असला तर?" सुयेननं विचारलं होतं.

"वाचून दाखवा, अंगठा घ्या. पण तुमचा हात नको, ताई. तुमच्या आई पण आहेत चाळिसांत. उद्या लोक माझ्याकडे बोट दाखवतील."

"माझा हात कापून ठेवते घरी," सुयेन म्हणाली.

चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यात, बावीस तारखेला पहिला कागद भरून झाला. फुलं बोटींवर चढवायची धांदल होती, तरी चाळीसच्या चाळीस आले. लुओमनं तोंड उघडं ठेवून, पेन मुठीत धरून, आकड्यांना गोल केले. चार, चार, चार, तीन, चार. पंचाण्णव मार्क. आयुष्यात शाळेत न गेलेल्या बाईला पंचाण्णव. सुयेन घरी येताना रडली की हसली, ते तिचं तिलाच कळलं नाही. पंचाण्णवाच्या वर चाळिसांत दोघंच होते.

दुसऱ्या कागदाची तारीख मोजली तर तेतचा सहावा दिवस आला. डॉक्टर हुआन म्हणाले, "दोन दिवस पुढे ढकलू या का? लोक येतील?"

"सहावाच ठेवा," सुयेन म्हणाली. "त्या दिवशी सगळी दुकानं उघडतात, दवाखाना उघडतो. शुभ दिवस आहे. लोक नवे कपडे घालून येतील."

डॉक्टरांना तिनं हे सांगितलं. मनातलं सांगितलं नाही. मनात होतं, की आईचं काम शुभ दिवशी व्हावं.

तेत आला. लुओमनं पानात गुंडाळलेला चिकट भाताचा रोळ कापला, नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण आणि अंडी पूर्वजांपुढे मांडली, आणि पाहुण्यांच्या बरोबरीनं खायला बसली. सुयेन बघत होती. आई खातेय. चावतेय. पाहुणे उठेपर्यंत आईचं ताट रिकामं झालं होतं. सुयेनला वाटलं, तेतनं जादू केली. दुसऱ्या दिवशी धुवायला घेतलेल्या आईच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत चिकट भाताचे तुकडे आणि अर्धं अंडं निघालं.

"बदकांना ठेवलं होतं," लुओम म्हणाली.

"बदकांचं वजन करायचं नाहीये आपल्याला."

"सणाला ओरडू नये." लुओमनं सगळा विषय मिटवला.

पाचव्या दिवशी काटा साडेपस्तीसवर होता.

सहाव्या दिवशी खरंच सगळे आले. लाल, पिवळे, जांभळे सदरे. नववे काका तर केसाला तेल लावून, आणि तोंड वासून. नाक त्यांचं नेहमीसारखं ठार बंद होतं. "नव्या वर्षाच्या शुभेच्छा, पोरी" म्हणताना त्यातला निम्मा आवाज आतच राहिला. सुयेननं कागद वाटले. काकांनी पेन घेतलं, घोट घोट हवा तोंडानं गिळत कागदाकडे पाहिलं, आणि पाचही ठिकाणी शून्याला गोल केला. ठसठशीत.

"काका!" सुयेन म्हणाली. "मागच्या वेळी चार होते."

"मागच्या वेळी म्हणजे मागच्या वर्षी," काका म्हणाले आणि छान हसले.

तिनं शेजारचा कागद उचलला. शून्य. त्याच्या शेजारचा. शून्य. बाकावरची म्हातारी, जिला बोलताना दम लागत होता, तिनं शून्यांभोवतीचे गोल इतक्या काळजीनं काढले होते की ते रांगोळीसारखे दिसत होते. एकोणचाळीस कागद, एकोणचाळीस शून्यवाले. एकच माणूस, रात्रीची उतरलेली नव्हती म्हणून, सगळीकडे चार करून बसला होता. त्याच्या बायकोनं तो कागद ओढून टराटरा फाडला, त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "वर्षाच्या सुरुवातीला काय लिहितोयस, मेल्या? आम्हाला पुरायचंय का?"

तेव्हा सुयेनला उमगलं.

वर्षातला पहिला कागद. तिला हे ठाऊक नव्हतं थोडंच? वाडीतला प्रत्येक जण नव्या वर्षात पहिल्यांदा पेन धरतो ते चांगलं लिहायला. पहिल्या हातानं लिहिलं ते वर्षभर सोबत राहतं. शिकलेले लोक लाल कागदावर सुंदर अक्षरं काढतात. न शिकलेले निदान वाईट काही लिहीत नाहीत. आणि वाडीतले हे लोक वर्षातून लिहितात किती? हाच तो कागद. त्यावर शुभ दिवशी, नवे कपडे घालून, स्वतःच्या हातानं "असह्य" लिहायचं? तिनं लोक येतील का याचा विचार केला होता. लोक काय लिहितील याचा केला नव्हता. आणि दिवस तिनं निवडला होता. तिनंच.

आईचा कागद तिनं शेवटी पाहिला. पाच शून्य. पंचाण्णवातून शून्यावर. बाद.

डॉक्टर हुआन टेबलाशी बसून एकोणचाळीस शून्यांकडे बघत होते. "माझे नाकातले थेंब एवढे लागू पडले?" त्यांनी अगदी आशेनं विचारलं.

सुयेननं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. हनोईला त्यांची स्वतःची आई पहिल्या दिवशी त्यांच्याकडून लाल कागदावर लिहून घ्यायची. "परवा दुपारी बारापर्यंत यादी सायगावला जायची आहे," ते म्हणाले. "नाहीतर ते जागा दुसऱ्या जिल्ह्याला देणार. ताई, मला डोळ्यांनी दिसतंय तुमच्या आईचं नाक. पण कागदावर नाही तर मी काय पाठवू?"

 सुयेन खिडकीत जाऊन बसली, आणि पुढच्या अर्ध्या तासात तिनं सात केसपेपरवर बाण काढले. सातही चुकले.

मग तिला वडील आठवले. वडील बोटींच्या नाळेवर डोळे आणि नावं रंगवायचे. तेतच्या पहिल्या दिवशी लाल कागद पुढे ठेवून म्हणायचे, "आधी चांगलं लिहा. मग वर्षभर काय वाट्टेल ते लिहा."

ती उठून आत गेली. "डॉक्टर, आजचे शून्यांचे कागद रद्द, आणि नव्या कागदावर एक ओळ वाढवायची. सगळ्यात वर. लाल चौकट. त्यात ज्यानं त्यानं नव्या वर्षासाठी जे हवं ते लिहायचं. पहिलं लिहिणं तिथं होऊन जाईल. प्रश्न मग दुसरं लिहिणं."

डॉक्टर हुआननी इंग्रजी कागद पुढे ओढला. "मूळ प्रश्नावलीत ही चौकट नाही."

"मूळ प्रश्नावलीला तेत नाही," सुयेन म्हणाली.

डॉक्टरांनी सायगावला फोन केला, मग वहीत पानभर काहीतरी लिहिलं, कुणीतरी पुढे विचारणार म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल चौकटीचे चाळीस कागद घेऊन सुयेन, डॉक्टर आणि बिक नावाची नर्स वाडीत निघाले. होडीतून, मांडवामांडवाखालून. नववे काकांनी चौकटीत लिहिलं, शेवंती भरगच्च येऊ दे. मग एकदा आकाशाकडे पाहिलं, आणि पाच प्रश्नांना भराभर चार, चार, चार, चार, चार. "आता कसं मोकळं वाटलं," ते म्हणाले. नाक सोडून. एका बाईनं चौकटीत सुनेला सुबुद्धी मागितली. सुनेनं तिच्याच पेनानं आपल्या कागदावर सासूला दीर्घायुष्य मागितलं, दात ओठ खाऊन. एका म्हाताऱ्याचं मागणं चौकटीत मावेना, ते मागच्या बाजूला वळलं. संध्याकाळ व्हायच्या आत एकोणचाळीस कागद झाले, आणि नाकं पुन्हा जिथल्या तिथं चोंदली.

"सुयेन, तू तर डॉक्टरीणच झालीस गं," बिक म्हणाली.

सुयेननं ऐकलं नाही. चाळिसावा कागद तिच्या पिशवीत होता.

लुओमनं त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून दार लावून घेतलं होतं. आठव्या दिवशी सकाळी सात वाजता सुयेननं लाल चौकटीचा कागद आईपुढे ठेवला, पेन ठेवलं, आणि सगळं समजावून सांगितलं. लुओम दोरीच्या झोळीत बसली होती. आडवी ती गेल्या दोन वर्षांत झाली नव्हती.

"नको," ती म्हणाली.

"आई, आधी चांगलं लिहायचं. तुझं नाव लिही. मग चार."

"तुझ्या बापानं पण असंच करवलं होतं." लुओमनं हवा ओढली. "पहिल्या दिवशी. लाल कागदावर माझं नाव. हात धरून."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी दहा कुंड्या मेलेल्या निघाल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवलं. दहा, आणि पुढे फुली." परत हवा. "दहाव्या महिन्यात पूर आला आणि तो गेला. लाल कागद काय करत होता तेव्हा?"

सुयेनला हे ठाऊक नव्हतं. वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कॅलेंडर तिच्या लक्षातही नव्हतं. तिला एवढंच लक्षात होतं, की त्यानंतर आईनं तेतात कधीही पेन हातात धरलं नव्हतं. शून्य लिहायलासुद्धा परवाच, तेही लेकीनं बोलावलं म्हणून.

"आई, बारा वाजता यादी जाते."

"जाऊ दे."

"तू साडेपस्तीस किलोची आहेस. पुढच्या महिन्यात चौतीसची होशील. मग कुणी हात लावणार नाही तुला. तू भाताच्या वाटीपुढे बसून मरशील आणि मी समोर बसून बघत राहीन. ते लिहिलंय का तुझ्या कॅलेंडरावर?"

"मरेन की. माझी काय मोठी गोष्ट आहे?" लुओमनं मान वळवली. "माझ्या हातानं लिहिलं ते मला नाही लागत. माझ्या माणसाला लागतं. आता माणूस कुठलं राहिलंय? तूच."

सुयेन आईपुढे खाली जमिनीवर बसली. तिनं खिडकीत बावीस वर्षं शेकडो माणसांना दरडावलं होतं. आताही ती ओरडलीच.

"आणि मी? मी दर वर्षी सहाव्या दिवशी खिडकीत बसून लिहिते. बंद, सुजलेलं, रक्त, गाठ. दुसऱ्यांचं सगळं माझ्या हातानं. मग मला काय झालं?"

लुओम तिच्याकडे बघत राहिली. तोंड उघडं, श्वास घरघरत. तिची नजर घरभर एकदा फिरून आली. पलंग एकाच माणसाचा. चपला दोनच जोड. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतला, मोठ्या शहराकडे गेलेला माणूस.

सुयेनला कळलं. आईला हे गेली कितीतरी वर्षं कळलेलं होतं, आणि ती बोलली नव्हती.

"म्हणून?" सुयेन हळू म्हणाली. "माझ्या लिहिण्यानं तो गेला, असं वाटतं तुला?"

"खिडकी सोड म्हणून कितीदा सांगितलं तुला," लुओम म्हणाली.

बाहेर कुणाची तरी बोट फटफट करत गेली. नऊ वाजले होते. सुयेननं पेन उचललं. आईचा गोल कसा दिसतो ते तिला माहीत होतं. वर उघडा, खाली वाकलेला.  डाव्या हातानं केला तर डॉक्टरच काय, खुद्द लुओमनं आपला म्हणून ओळखला असता. तिनं पेनाचं टोक पहिल्या चारावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला.

मग तिला डॉक्टर हुआन दिसले, आपल्याच थेंबांवर आशेनं विश्वास ठेवणारे. एका खोट्या कागदानं एकोणचाळीस खरे कागद संशयात आले असते. नववे काकांचं नाक. सुनेचं, सासूचं. तिनं पेन खाली ठेवलं, आणि कपाळ झोळीच्या काठावर टेकून ती रडली. आवाज न करता; खिडकीतल्या बाईला ते जमतं.

लुओमचा हात तिच्या डोक्यावर आला. हाडं सगळी लागत होती.

"न शिकलेल्यांचं काय करता तुम्ही?" लुओमनं विचारलं.

"अंगठा घेतो."

लुओमनं आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"अंगठा म्हणजे लिहिणं नव्हे," लुओम म्हणाली. विचारलं का सांगितलं, ते कळलं नाही.

सुयेननं डोकं वर केलं. "नव्हे. अंगठ्याला कुठे पेन असतं?"

"शाई कुठली असते?"

"लाल."

लुओमनं यावर आणखी एक मोठा श्वास घेतला. "आण."

दवाखान्याची लाल शाईची पेटी सुयेनच्या पिशवीतच होती. लुओमनं अंगठा बुडवला आणि चारांवर एकेक करून उठवला, कुंडीतली माती दाबावी तसा. चार. चार. चार. झोपेपाशी आली तेव्हा थांबली. "मागच्या वेळी तीन केलं होतं ना?"

"तेच करायचं."

"खोटंच होतं ते," म्हणाली आणि अंगठा चारावर दाबला. पाचवा पण चारावर.

मग तिनं पेन मागितलं. सुयेन गोंधळली. "आता कशाला?"

"ही चौकट रिकामी ठेवू नये." लुओमनं पेन मुठीत धरलं, जीभ दातांत घेतली, आणि लाल चौकटीत, नाव लिहायच्या जागी, एक मोठं शून्य काढलं. ते जरा लांबट झालं. त्याचं तोंड मात्र तिनं नीट मिटवलं. "हे माझ्या माणसाला लागू दे. घे. जा."

अकरा पंचेचाळीसला तो कागद डॉक्टर हुआनच्या टेबलावर पोचला. शंभर मार्क. फरक पाचाचा, म्हणजे मुभेत. यादी गेली. तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा लुओमचं नाव सातवं होतं, पुढे भूलवाल्यांचा शेरा: वजन पस्तीस किलो दोनशे, धोका आहे, नातेवाइकांना सांगितले आहे.

नातेवाइकांनी सही केली. दोन दिवस सुयेन आईला चमच्यानं पेज पाजत राहिली, आणि दर घोटानंतर थांबत राहिली, आणि काटा तिथेच राहिला.

बाराव्या दिवशी सायगावचे सर्जन ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभे राहून फायली चाळत होते. लुओम स्ट्रेचरवर, उशांना टेकून बसलेली, तोंड उघडं. सर्जनांनी तिचा कागद उलटा-सुलटा केला. पाच लाल अंगठे, आणि वर एकटं शून्य. त्यांनी चष्मा वर सारला.

"खाली सगळीकडे चार, आणि हे वर शून्य? हे कुणाचे मार्क आहेत?"

डॉक्टर हुआन उत्तर द्यायला तोंड उघडत होते. सुयेन पुढे झाली. आईचा हात तिच्या हातात होता; लाल शाई अजून नखाच्या कडेला होती.

"ते माझे," ती म्हणाली.

 सर्जनांनी फाइल मिटली, आणि स्ट्रेचर आत गेलं. आतून दार लागलं. सुयेन बाकावर बसली, जिथे रोज तिच्या खिडकीपुढचे लोक बसतात, आणि आपला नंबर कोण पुकारतंय याची वाट बघायला लागली.